दगड न उलटता दाखवलेले सलामांडर: स्मोकी माउंटन्समधल्या नाइट वॉकचा रिव्ह्यू

मोठ्यांना ९५ डॉलर, बारा वर्षांखालच्या मुलांना ६०. वेळ संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा. खाणं मिळतं, त्याबद्दल पुढे बोलते. पाचपैकी चार तारे देतेय, आणि कापलेला तारा गाइडबाईंचा नाही, त्यांच्या वेबसाइटचा आहे.

कंपनी दोन-तीन माणसांची, अगदी छोटी. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि एवढ्याशा धंद्याला एक ओरखडासुद्धा जड जातो. तुम्ही जिथे बुकिंग कराल तिथे मी काय काय पाहिलं ते तपासून घ्या, म्हणजे झालं.

मी सावंतवाडीला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेक-जावई अमेरिकेत शार्लटला असतात, त्यामुळे उन्हाळ्यात इकडे येणं होतं. स्मोकीजला जायचं ठरलं की आलेल्या आईवडिलांना साधारण डॉलीवूडचं ॲम्युझमेंट पार्क, गॅटलिनबर्गची दुकानं आणि केड्स कोव्हमधलं गाडीत बसून दिसणारं अस्वल, एवढं दाखवतात. मी लेकीला सांगितलं, मला सलामांडर दाखव. उभयचरांचे तीन गण मी सगळी नोकरी फळ्यावर लिहिले: शेपूट नसलेले, शेपटीचे आणि बिनपायांचे. पहिल्यातले बेडूक आमच्या अंगणात, तिसऱ्यातलं देवगांडूळ आंबोलीला पावसात पाहिलेलं. मधला, म्हणजे सलामांडरांचा गण मात्र कायम चित्रातच राहिला. सह्याद्रीत सलामांडर नाहीतच. आपल्या देशात ते पाहायचे तर दार्जिलिंगच्या डोंगरात किंवा ईशान्येकडे जावं लागतं. कॉलेजच्या बरणीत एक होता, फॉर्मलिनमध्ये पांढराफटक पडलेला, त्याचा रंग कोणता असेल हे मुलांनी विचारलं की मी पुस्तकाकडे बोट दाखवायचे.

स्मोकीजला जगाची सलामांडर-राजधानी म्हणतात, आणि हे पर्यटन खात्याचं फुगवून सांगणं नाही. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या या एका नॅशनल पार्कात सलामांडरच्या तीसेक जाती आहेत. पार्कवालेच सांगतात की कुठल्याही दिवशी इथल्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची मोजदाद केली तर निम्म्याहून जास्त सलामांडरच भरतील. अस्वलं, हरणं, पक्षी, गाड्यांतून उतरणारी माणसं, सगळी धरून. कारणही सरळ आहे. डोंगर फार जुने, हिमयुगात इथवर बर्फाची चादर पोचली नाही, आणि पाऊस भरपूर. माथ्यावर वर्षाला ८५ इंचांच्या आसपास पडतो. (आंबोलीकरांनी हसू नये. इथे तो बारा महिने वाटून पडतो, आपल्यासारखा चार महिन्यांत ओतून मोकळा होत नाही. सलामांडरला तेच मानवतं.)

आता वॉक.

साडेपाचला चिमनीज पिकनिक एरियात जमायचं. न्यूफाउंड गॅप रोडवर गॅटलिनबर्गहून वर जाताना ओढ्याकाठी ही जागा आहे. पार्कात शिरायला तिकीट नाही, पण २०२३ च्या मार्चपासून पंधरा मिनिटांहून जास्त गाडी लावायची तर पार्किंगचा टॅग लागतो, दिवसाचे पाच डॉलर. तो वॉकच्या पैशांत धरलेला नाही आणि वेबसाइटवर हे बारीक अक्षरात, सगळ्यात खाली. आमच्या जावयाने वाचलं होतं म्हणून बरं; दुसऱ्या एका कुटुंबाला परत गॅटलिनबर्गला जावं लागलं आणि त्यांच्यासाठी आम्ही सगळे पाऊण तास थांबलो.

उतरल्याउतरल्या गाइडबाईंनी पुढे केली ती एक बादली आणि ब्रश. बादलीत ब्लीचचं पातळ पाणी. प्रत्येकाने बुटांचे तळ घासायचे. कारण असं: नेदरलँड्समधल्या सलामांडरांचा फडशा पाडणारी एक बुरशी २०१३ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढली. ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात गेली असं मानतात. अमेरिकेत ती अजून सापडलेली नाही आणि सापडू नये म्हणून सरकारने २०१६ मध्ये सलामांडरांच्या २०१ जाती देशात आणायला बंदी घातली. बुरशीचे बीजाणू चिखलातूनही प्रवास करतात. बाईंनी प्रत्येकाला विचारलं, हे बूट घालून अलीकडे कुठल्या रानात फिरलात? मी खरं ते सांगितलं, चौकुळ आणि आंबोली. मग माझे बूट दोनदा घासून झाले, दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः घासले. जावयाला अवघडल्यासारखं झालं, सासूच्या पायाशी गोरी बाई बसलेली बघून. मला मात्र तिथेच पाच तारे द्यावेसे वाटले. आपल्याकडे बेडूक बघायला नेणाऱ्या कुणी माझे बूट कधी विचारले नाहीत.

दुसरा नियम: डास पळवायचं मलम, सनस्क्रीन, काही लावायचं नाही. इथले बहुतेक सलामांडर बिनफुप्फुसांचे. सगळा श्वास ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. त्यामुळे कातडीवर जे पडेल ते आत जातं. माझ्या पर्समधलं ओडोमॉस पर्समध्येच राहिलं. वर थंडीत डास नव्हतेही.

खाणं. टर्कीचं सँडविच, एक सफरचंद, चिप्सची पुडी. सँडविचला चव म्हणून नाही. आम्ही घरून घावणे आणि सुक्या बांगड्याची चटणी आणली होती ती काढली, आणि गाइडबाई चार टेबलं ओलांडून वास घेत आल्या. मला वाटलं चव मागतायत. त्या म्हणाल्या, हे इथेच संपवा, डबा धुऊन गाडीच्या डिकीत बंद करा, वर एक कणही नेऊ नका. पार्कात काळी अस्वलं हजारांच्या घरात आहेत आणि त्यांच्या नाकाला बांगडा म्हणजे थेट आमंत्रण. संपवली. त्यांनीही थोडी खाल्ली, मग बराच वेळ पाणी पीत होत्या.

त्यानंतरचं अर्धा तास उभ्याने भाषण मात्र नको होतं. प्लास्टिक चढवलेली चित्रं, कुळं, जाती, एकामागून एक. मी त्याच धंद्यातली असून कंटाळले. नात आठ वर्षांची, ती कधीच ओढ्याकडे सरकली होती. बाकं शेजारीच रिकामी होती, बसायला सांगायला काय हरकत होती?

आणि इथेच वेबसाइटची तक्रार. त्यांच्या पहिल्याच पानावर मोठा फोटो आहे: दोन हातांत धरलेला हेलबेंडर. हा अमेरिकेतला सगळ्यात मोठ्या सलामांडरांतला एक, दोन फुटांच्याही वर वाढतो, वाहत्या स्वच्छ नदीत मोठ्या शिळांखाली राहतो आणि खेकड्यांसारखे क्रेफिश खातो. फोटो पाहून आमच्या गटातले दोन तरुण तोच बघायला आले होते. बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की हेलबेंडर दिसणार नाही, दाखवणार नाही, आणि तो फोटो परवाना असलेल्या संशोधकांच्या पाहणीतला आहे. हेलबेंडर इतका घटलाय की २०२४ च्या डिसेंबरात त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालायचा प्रस्ताव केंद्र सरकारकडून आला. त्याचं घर म्हणजे ती शिळा. माणसांनी गंमत म्हणून नदीत दगड हलवले, दगडांवर दगड रचले की त्याची अंडी चिरडतात. म्हणून स्मोकीजमध्ये ओढ्यातले दगड हलवणं हा गुन्हाच आहे. हे सगळं बरोबर. पण मग त्या फोटोने गिऱ्हाईक का बोलावता? ते तरुण बराच वेळ तोंड पाडून होते आणि त्यांची चूक नव्हती.

ओढ्यावर मात्र मजा आली. बाईंनी कुणालाही पाण्यात उतरू दिलं नाही, काठावर उकिडवं बसवलं आणि म्हणाल्या, खडकांच्या फटी बघा, जिथे पाण्याचे तुषार उडतात तिथे. पाच मिनिटं नुसतं पाणी. मग एका फटीतून एक रुंद काळं डोकं बाहेर आलेलं दिसलं, दोन फुगीर डोळे, जागचं हलत नव्हतं. काळ्या पोटाचा सलामांडर. तो भर दिवसासुद्धा असा दारात बसून राहतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो, त्यात धाकट्या जातींचे सलामांडरही आले. त्याच्या डोळ्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत एक फिकट पट्टा असतो, त्यावरून हा गट ओळखायचा. या गटाचं आणखी एक वैशिष्ट्य मला माहीत नव्हतं, म्हणजे मी शिकवलेल्या पुस्तकात नव्हतं: तोंड उघडताना ते खालचा जबडा फारसा खाली नेत नाहीत, डोकंच वर उचलतात. त्यामुळे दगडाखालच्या फटीत डोकं पाचरीसारखं घुसवता येतं. एक दिसल्यावर डोळ्यांना सवय झाली आणि त्याच दहा-बारा फुटांच्या काठावर आणखी तीन डोकी सापडली. ती आधीपासून तिथेच होती, आमच्याकडे बघत.

दगड उलटायचे नाहीत, ओंडके पलटायचे नाहीत, हात लावायचा नाही. नॅशनल पार्कात संशोधनाचा परवाना नसेल तर हे कुणालाच करता येत नाही, गाइडलाही नाही. गटातल्या एका गृहस्थांनी विचारलं की मग ९५ डॉलर कशाचे? प्रश्न रास्त होता. दुसरीकडे काही जण पार्काबाहेरच्या रानात नेऊन धडाधड ओंडके पलटतात आणि तासाभरात वीस-वीस प्राणी हातावर ठेवतात, हे त्यांनी यूट्यूबवर पाहिलं होतं. बाईंचं उत्तर मला आवडलं. त्या म्हणाल्या, ओंडक्याखालचा ओलावा जमायला काही वर्षं लागतात, ओंडका तुम्ही पुन्हा जसाच्या तसा ठेवलात असं वाटलं तरी फट राहते आणि ओलावा वाळतो. तुम्ही घरी गेल्यावर त्या प्राण्याला नवं घर शोधावं लागतं. मला आंबोली आठवली. तिथेही काही जण पर्यटकांच्या तळहातावर बेडूक ठेवून फोटो काढून देतात, आणि पर्यटकाला तेच आवडतं. पैसे कशाचे, तर न उलटता कुठे बघायचं हे माहीत असण्याचे. माझ्यापुरते ते वसूल झाले.

अंधार पडता पडता सगळे आपापल्या गाड्यांनी वर न्यूफाउंड गॅपला गेलो. ५,०४६ फूट उंची, नेमकी दोन राज्यांच्या सीमेवर. दुपारी पाऊस होऊन गेलेला, धुकं इतकं की पार्किंगच्या कडेचा कठडा दिसेना. वेबसाइट म्हणते हलकं जाकीट आणा. हलकं नाही, स्वेटर, त्यावर रेनकोट आणि कानटोपी. जून महिना होता आणि माझे दात वाजत होते. इथे स्वच्छतागृहं चांगली आहेत, आमच्या वयाच्या लोकांनी नोंद घ्यावी.

डोक्याला बांधायचे लाल उजेडाचे दिवे कंपनी देते. कल्पना चांगली, माल हलका. माझ्या दिव्याचा पट्टा सैल झालेला, दर दोन मिनिटांनी नाकावर घसरायचा. शेवटी लेकीने केसांची पिन लावून अडकवला. स्वतःचा दिवा असेल तर न्या. काठ्या मात्र उत्तम होत्या, आणि गुडघे कुरकुरतात हे मी सांगितल्यावर बाईंनी मला आपल्या मागोमाग ठेवलं आणि चाल माझ्या पायाने ठरवली.

वाट अपलाशियन ट्रेलची, म्हणजे जॉर्जियापासून मेनपर्यंत दोन हजारांवर मैल जाणारी तीच. आम्ही तिच्यावर अर्धा मैल गेलो असू. मुळं, दगड, पाणी. सगळ्यांनी एका ओळीत, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकून चालायचं, कारण या वेळी प्राणी वाटेवर आलेले असतात आणि अंधारात बाजूला टाकलेलं पाऊल त्यांच्यावर पडू शकतं. उजेड सरळ खाली टाकायचा नाही, तिरपा, जमिनीलगत टाकायचा. ओली कातडी चमकते.

पहिला नातीला दिसला. झाडाच्या बुंध्याला शेवाळ, शेवाळाच्या कडेला तो. बाईंनी क्षणभर पांढरा दिवा लावला. अगे बाय माझे! पाटीच्या रंगाचं अंग, आणि दोन्ही गालांवर कुंकवाचं बोट ओढल्यासारखा लाल रंग. रेड-चीक्ड सलामांडर. हा या पार्कात आणि त्याच्या अगदी लगतच्या डोंगरात सोडला तर जगात कुठेही नाही. माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा लांब. बरगड्यांसारख्या खाचा अंगावर एकेक मोजता येत होत्या. छाती हलत नव्हती, हलणार कशी, आत फुप्फुसच नाही. फक्त गळ्याखालची कातडी भराभर थरथरत होती, तोंडातल्या तोंडात हवा खेळवत. मी ‘त्वचीय श्वसन’ हा मुद्दा दोन मार्कांसाठी किती वर्षं लिहून दिला असेल. बाईंनी दिवा पुन्हा लाल केला तरी मी उकिडवीच होते, आणि त्यांनी घाई केली नाही. पाच तासांत मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली: ओळ थांबवली, मागच्यांना कुजबुजत सांगितलं की यांना बघू दे.

नातीने विचारलं, आजी, याची पिल्लं पाण्यात असतात का, बेडकासारखी? मी हो म्हणणार होते, तेवढ्यात गाइडबाईंनी सांगितलं की या जातीत पाण्यातली अवस्थाच नाही. मादी ओल्या जमिनीखाली अंडी घालते आणि अंड्यातून थेट चार पायांचं पिल्लू बाहेर येतं. उलट काळ्या पोटाच्या त्या ओढ्यातल्या जातीचं पिल्लू काही वर्षं कल्ले घेऊन पाण्यात काढतं. एकाच डोंगरावर दोन तऱ्हा.

नंतर आणखी दिसले, वाटेवर, दगडाच्या धारेवर, एक तर नेच्याच्या पानावर चढून बसलेला. तो पिग्मी सलामांडर, दोन इंचांच्या आतला, ओल्या रात्री झाडाझुडपांवर चढतो. मला स्वतःहून तो सात जन्मात दिसला नसता. आणि एक असा की गाल लालसर, पण बाईंनी मान हलवली. मागचे पाय बघा, पुढच्यांपेक्षा जाड आहेत. हा नकली. खऱ्या लाल गालाचा प्राणी पक्ष्यांना बेचव लागतो, म्हणून ते त्याच्या वाटेला जात नाहीत. हा दुसऱ्या गटातला, चवीला बरा, फक्त गाल रंगवून फिरतो. वर्गात मी हे फुलपाखरांवरून शिकवायचे, कॉमन मॉर्मनची मादी कॉमन रोझचं सोंग घेते ते. इथे तेच सोंग चार पायांवर. ओळीच्या शेवटी असलेल्या त्या दोन तरुणांनाही हे आवडलं असावं, कारण परतताना तेच दर लाल गालाच्या प्राण्याचे पाय तपासत होते.

एकूण किती दिसले ते मोजायची एक स्पर्धा मुलांनी चालवली होती. मी लक्ष दिलं नाही. कोरड्या रात्री यातलं काहीही दिसणार नाही हे बुकिंग करताना ठळकपणे सांगायला हवं. पाऊस पडला तर पैसे परत नाहीत, असं त्यांच्या अटीत आहे आणि ते योग्यच आहे. पण पाऊस पडला नाही तरी परत नाहीत, हे जरा कठीण. शक्य असेल तर आदल्या दिवशीचं हवामान बघूनच बुक करा, आठवड्याच्या मधल्या दिवसांत जागा मिळते. मे ते सप्टेंबर चांगला. त्यातही मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला एल्कमाँटला एकाच तालावर लुकलुकणारे काजवे असतात, पण त्यासाठी पार्कच्या सोडतीत नाव घालावं लागतं आणि गर्दी मरणाची.

सहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. सहा तरी कशाला, अंधारात तासभर गप्प चालता येत नसेल तर कुणालाच नको. ज्यांना हातात धरून फोटो हवा आहे त्यांनी पैसे वाचवावेत. जिना चढता येतो एवढे गुडघे असतील तर आमच्या पिढीने खुशाल जावं. दम लागला की थांबायला मिळतं, कारण थांबणं हेच तिथलं काम आहे.

न्यू जर्सीवाल्या मंडळींना एवढ्या लांब यायची गरजही नाही. एडिसनच्या जवळच ईस्ट ब्रन्सविकला बीकमन रोड म्हणून रस्ता आहे. थंडी सरता सरता पावसाची पहिली उबदार रात्र आली की पिवळ्या ठिपक्यांचे सलामांडर रानातून निघून अंडी घालायला डबक्यांकडे जातात, वाटेत हा रस्ता लागतो, आणि गावची नगरपालिका तेवढ्या रात्रीपुरता तो गाड्यांना बंद करते. चालत जाऊन बघता येतं, फुकट. लेकीच्या मैत्रिणी तिथे राहतात, त्यांना मी आत्ताच कळवलंय. दिवा लाल घ्या, एका ओळीत चाला, आणि घरून निघताना बुटांचे तळ घासून घ्या. तिथे बादली घेऊन कुणी उभं नसेल.